उपकार फेडायचे कुणाला?

आपल्याकडे लग्नघरात एक वही असते, आहेराची. कुणी साडी दिली, कुणी पातेलं दिलं, कुणाच्या पाकिटात १०१ होते आणि कुणाच्या ५०१, सगळं तिच्यात लिहिलेलं. पुढं त्या घरी कार्य निघालं की वही काढायची, पान शोधायचं, आणि तेवढंच किंवा थोडं चढवून परत करायचं. माझ्या सासूबाईंची वही मी अजून जपून ठेवली आहे. तिला नावं ठेवायचा माझा विचार नाही. तिच्यामुळं नाती टिकली, अडल्या घराला ऐनवेळी चार पैसे मिळाले. पण या वहीनं आपल्याला एक सवयही लावली. ज्याचं घेतलं त्यालाच परत केल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही, आणि परत करणं जमणार नसेल तर आपण घेतच नाही.

हे सगळं मला सुचलं ते बेळगावात नव्हे, इंग्लंडातल्या एका कालव्यावर. लेक-जावई वॉरविकजवळ राहतात. मी गेले होते तेव्हा त्यांनी आठवडाभर भाड्याची बोट घेतली. तिला नॅरोबोट म्हणतात. लांबीला सत्तर फुटांपर्यंतही असते, रुंदीला मात्र सात फुटांहून कमी. आगगाडीचा डबा चिमटून बारीक करावा आणि पाण्यात सोडावा, तशी दिसते. आत शेगडी, बिछाने, न्हाणीघर, सगळं एका ओळीत. एकजण स्वयंपाक करत असेल तर दुसऱ्यानं पोट आत घेऊन जायचं. हे कालवे दोनएकशे वर्षांपूर्वी कोळसा नि माल वाहायला खोदले. आता त्यांवर बहुतेक सुट्टीची माणसं फिरतात आणि काही हजार माणसं बोटीतच संसार करतात. ताशी चार मैलांहून जास्त वेग चालत नाही. काठावरनं कुत्र्याला फिरवणारा माणूस आपल्याला मागं टाकून जातो.

लंडनहून बर्मिंगहॅमला जाणारा हा ग्रँड युनियन कालवा. जमिनीला चढ-उतार असणारच, आणि पाणी काही टेकडी चढत नाही. म्हणून जागोजागी लॉक बांधलेले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना भक्कम दारं असलेला हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरच्या अंगाच्या झडपा उघडायच्या. पाणी भरत जातं तशी बोट वर येते. हॅटनला अशी २१ लॉक्स एकापाठोपाठ एक आहेत. झडपा उघडायला काटकोनात वाकवलेली लोखंडी दांडी असते, तिला विंडलास म्हणतात. ती गोल गोल फिरवताना दंड भरून येतात. दाराला एक लांब तुळई असते, तिला पाठ लावून दार रेटायचं. पाठ कसली, पाठीखालचं सगळं वजन घालावं लागतं! एकट्यानं करता येतं, पण कष्टाचं.

या कालव्यावरची लॉक्स चौदा फूट रुंद असल्यानं दोन बोटी शेजारी शेजारी मावतात. एक लॉक एकदा वापरलं की सुमारे अडीच लाख लिटर पाणी वरनं खाली जातं. म्हणून दार लावण्याआधी मागं वळून बघायचं, कुणी येतंय का. येत असेल तर थांबायचं. आम्ही पाणी गाळून, मोजून वापरणाऱ्या घरातली माणसं. मला ही रीत फार पटली.

आणि ओळखी होतात त्या इथंच. दोन बोटी एका हौदात, काठावर चौघं-पाचजण दांड्या फिरवताहेत. नाव कुणी कुणाला विचारत नाही. बोटीचं नाव वरच रंगवलेलं असतं, तेवढं पुरतं. कुठनं आलात, पुढं बोट बांधायला जागा आहे का, कुठल्या लॉकचं दार गळतंय, असलं बोलणं. चार लॉक्स झाली की त्या माणसाचा गुडघा कुठला दुखतो ते कळलेलं असतं आणि आडनाव शेवटपर्यंत कळत नाही.

स्टॉकटनच्या चढणीवर एक गृहस्थ आमच्या जोडीला होते. आमची बोट लॉकमध्ये असतानाच ते पुढं चालत जाऊन वरचं लॉक आमच्यासाठी तयार करून ठेवत. सगळी चढण त्यांनी असं केलं. वर पोचल्यावर त्यांनी बोट काठाला बांधली आणि आम्ही पुढं निघालो. मी डब्यातले बेसनाचे लाडू काढले तोवर मध्ये चांगलं अंतर पडलं होतं. माझा जीव चुटपुटला. लेक म्हणाली, "आई, त्यांना नाही द्यायचं काही. पुढच्या कुणाचं तरी दार धरायचं." तासाभरात कॅल्कट नावाची तीन लॉक्स लागली (नाव ऐकून मला आधी कलकत्ताच आठवलं). तिथं एक नवराबायको कडेवर तान्हं घेऊन लॉकशी झटत होते. लेकीनं उडी मारून दांडी फिरवायला घेतली. स्टॉकटनच्या गृहस्थांना हे कधी कळणार नाही.

ब्रॉन्स्टनला आम्ही दोन दिवस मुक्काम केला. शेजारच्या बोटीत सत्तरीतल्या एक बाई एकट्याच राहत होत्या. नवरा गेल्यावर घर विकलं आणि बोट घेतली. कायमची बांधायची जागा त्यांना नाही. १९९५ च्या कायद्यानं अशा बोटीला एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही; आजारपणासारखं कारण असलं तर मुदत वाढवून मिळते, एरवी पुढं सरकायचं. आपल्या साधूंच्या विहारासारखंच, फक्त चातुर्मास नाही. मी विचारलं, एवढी लॉक्स तुम्ही एकट्या कशा करता? म्हणाल्या, "अर्धी मी करते. उरलेली तिथं जो सापडेल तो करतो."

याचा संकोच वाटत नाही का, हे मला विचारायचं होतं. संकोचाला इंग्रजी शब्द लेकीलाही चटकन सापडेना. शेवटी तिनं कसंबसं विचारलं. बाईंना प्रश्नच समजला नाही. मग समजला तेव्हा म्हणाल्या, "अंगात ताकद होती तेव्हा मी पुष्कळांची दारं उघडली. ते आज कुठं आहेत मला ठाऊक नाही. आता येतात ती माणसं त्यांनीच पाठवली असं मी धरून चालते."

त्यांनीच मला युद्धातल्या बायकांचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात पुरुषमाणूस कमी पडलं तेव्हा शिकल्यासवरल्या मुली या कालव्यावर मालाच्या बोटी चालवायला आल्या. तिघीजणी मिळून जोडीच्या दोन बोटी नि त्यांतला सुमारे पन्नास टन माल नेत. अंतर्गत जलमार्गाच्या त्यांच्या बिल्ल्यावर 'आय' आणि 'डब्ल्यू' अशी अक्षरं होती. लोकांनी त्यावरनं 'आयडल विमेन' म्हणजे रिकामटेकड्या बायका असं नाव पाडलं. पन्नास टन कोळसा वाहून! "तुम्ही काय, घरीच असता ना?" हा प्रश्न तीस वर्षं ऐकलेल्या बाईला ते नाव नवं वाटायचं कारण नव्हतं.

परत आल्यावर हे सगळं मी आमच्या वन्संना सांगितलं. त्या पंचाहत्तरीच्या, शहापुरात एकट्या राहतात. गॅसची टाकी संपली तर शेजारच्या पोराला हाक मारणार नाहीत, दोन दिवस दूध-पोह्यांवर काढतील. "आज तो टाकी लावंल, उद्या मी त्याचं काय करणार? कुणाचं ओझं नको बाई," हे त्यांचं ठरलेलं. माझं ऐकून त्या म्हणाल्या, "दोन घटकांची ओळख ती. तिथं गोड वागायला काय जातंय? जन्मभर एका घरात राहून दाखवा म्हणावं."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. लॉकवर भेटलेल्या माणसाचा राग, घोरणं, उधारी काही आपल्या वाट्याला येत नाही. आणि पाण्यावरची सगळी माणसं देवमाणसं असतात असंही नाही. बांधलेल्या बोटीशेजारनं वेग कमी न करता जाणारे असतातच. लाटेनं आतल्या माणसाचा चहा सांडतो, काठावर ठोकलेल्या खुंट्या सैल होतात. बोटीत कायमचे राहणारे जागा अडवतात अशी सुट्टीवाल्यांची कुरकुर असते. २०२४ पासून कायमची जागा नसलेल्या बोटींना परवान्यासाठी जादा पैसे भरावे लागतात. म्हणजे वही तिथंही आहे.

पण वन्संना मी वेगळंच विचारलं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. चार भावांच्या पोरांची आजारपणं त्यांच्याच अंगावर गेली. ते कुठल्या वहीत लिहिलंय? कुणी फेडलं? आणि फेडावं म्हणून त्यांनी केलं होतं का? जन्मभर हिशेब न ठेवता दिलेल्या बाईला घ्यायची वेळ आली की एकदम हिशेब का आठवावा? 'कुणाचं ओझं नको' यात नम्रता आहे असं आपण समजतो. मला त्यात थोडा मानकषाय दिसतो. आपला हात कायम वरचाच राहावा, ही इच्छा. उमास्वामींनी जीवांच्या परस्पर उपकाराचं सूत्र सांगितलं, त्यात परस्पर या शब्दाला दोन बाजू आहेत. दुसऱ्याला आपल्यावर उपकार करू देणं ही त्यातली दुसरी बाजू, आणि ती अवघड, कारण तिथं आपलं म्हातारपण, थरथरणारा हात, सगळं दुसऱ्याला दिसतं. वन्संना भीती याचीच असावी. मला पन्नाशीतच वाटते, त्यांना तर वाटणारच.

हे सगळं मी त्यांना या शब्दांत अर्थातच बोलले नाही. बाळंतपणाचं तेवढं बोलले. त्या बराच वेळ वाटाणे सोलत बसल्या. मग म्हणाल्या, "आणि त्या बाईच्या मदतीला कुणी आलंच नाही तर?"

"मीही विचारलं. मग बोट बांधते नि चहा ठेवते म्हणाल्या. कुणीतरी येतंच."

"आणि रात्री?"

"रात्री सहसा कुणी लॉक चालवत नाही."

"तेच की," वन्सं म्हणाल्या, "आमचा गॅस रात्रीच संपतोय."