मुक्याची संगत

हरिहरेश्वरी दर्शनाचा क्रम ठरलेला आहे. आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर आणि पुन्हा काळभैरव. भैरवाचे वाहन श्वान. त्या देवापुढे आपण हात जोडतो, आणि बाहेर पायरीवर कुत्रे आडवे आले की 'हाड्' म्हणतो. आम्हीही म्हणत आलो. मागल्या खेपेस मात्र अशाच एका कुत्र्याने आम्हांला धडा दिला. तो वाचकांपुढे ठेवतो.

सोबत एक स्नेही होते. घरी कशाची ददात नाही, मुले गुणी. पण कित्येक महिने त्यांचे मन उठतच नव्हते. झोप नाही, अन्नावर वासना नाही. वैद्यक याला नैराश्याचा आजार म्हणते. आम्ही मात्र वाटभर उपदेश केला, "अहो, नाम घ्या, मन घट्ट करा, तुम्हांला कमी काय आहे?" ते नुसती मान हलवीत. ओहोटी लागली तसे आम्ही पायऱ्या उतरून प्रदक्षिणेस गेलो. ते वरच बसले. परत येऊन पाहतो तो एक कुत्रे त्यांच्या पायाशी अंग टाकून पडलेले, आणि यांचा हात त्याच्या पाठीवर. म्हणाले, "हा काही विचारीत नाही हो. नुसता बसतो." दिवसभरात ते आपणहून बोलले ते एवढेच. आमची मान खाली गेली.

पुढे चौकशी करता कळले की, ही वाट जुनीच आहे. इंग्लंडात यॉर्क येथे १७९६ साली विल्यम ट्यूक यांच्या प्रयत्नाने मनोरुग्णांसाठी एक आश्रयस्थान उघडले. तिथे मारझोडीऐवजी मायेची वागणूक असे, आणि अंगणात ससे-कोंबड्या पाळीत. अमेरिकेतील मानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांनी १९६२ साली आपल्या जिंगल्स नावाच्या कुत्र्याला उपचारातला सहकारी म्हटले. आपल्याकडे अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशनसारखी संस्था हे काम करते. अशा बैठकीत काही दुःखी माणसे गोल करून बसतात. मानसोपचाराचा जाणकार असतो, कुत्र्याला सांभाळणारा असतो. कुत्रे लस टोचलेले, स्वभाव पारखलेले असते. वाटेवरचे अनोळखी कुत्रे धरून आणायचे नसते. कोणी त्याला कुरवाळतो, कोणी पाणी ठेवतो, आणि कुत्र्याविषयी बोलता बोलता स्वतःविषयी बोलू लागतो. औषध व सल्ला यांची ही जोड आहे, बदली नव्हे.

आता प्रश्न असा की, आपल्या दुःखाचे ओझे मुक्या जीवावर टाकणे न्यायाचे आहे काय? कोणी म्हणेल, "त्याला काय कळतंय?" कळते, बाबांनो! तेही थकते. तोंड फिरवते, ओठ चाटते, भूक-झोप नसता जांभया देते. जाणता सांभाळणारा ही खूण ओळखून बैठक थांबवितो. कुत्र्याला उठून जाण्याची मोकळीक असेल तर ती संगत. नसेल तर ती वेठ. भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकतो. हा आपल्या काय उपयोगाचा, असे त्यांनी विचारले नाही. ज्याच्याकडून घ्यायचे, त्याची भूक आणि थकवा आधी पाहावा, एवढे तरी आपण त्या कथेतून घ्यावे.

पण दुसरा प्रश्न आम्हांला अधिक टोचतो. कुत्र्याला जे साधले, ते आम्हांला का साधू नये? खचलेल्या माणसाला आम्ही नाम सांगितले, त्यात खोट नव्हती. त्याचे ऐकण्याआधी सांगितले, ही खोट. आजाराला भक्तीची उणीव म्हणणे म्हणजे पडलेल्याच्या डोक्यावर आणखी धोंडा ठेवणे.

स्नेही आता डॉक्टरांकडे जातात, औषध घेतात. ज्यांना कुठे जावे हे सुचत नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. आम्ही त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा जातो. चहा होतो, बोलले तर ऐकतो, नाहीतर नुसते बसतो. हे बसणे आम्ही हरिहरेश्वरी शिकलो. आणि पायरीवरच्या त्या जिवाला आता 'हाड्' म्हणवत नाही.