बीज, थंडी आणि सांत्वन

कोलंबाइन हे थंड मुलखातले फूल. लॅटिन भाषेत कबुतराला ‘कोलुंबा’ म्हणतात. हे फूल उलटे धरले की पाच कबुतरे एकमेकांना बिलगून बसल्याचा भास होतो, म्हणून हे नाव. कबुतर हे पवित्र आत्म्याचे चिन्ह. साहजिकच युरोपातील ख्रिस्ती चित्रकलेत या फुलाला मान मिळाला. अमेरिकेतील कोलोरॅडोचे तर ते १८९९ पासून राज्यपुष्प आहे.

बियांपासून ते वाढवणे हे उतावळ्या माणसाचे काम नव्हे. काळेभोर, चकचकीत, मोहरीएवढे हे बी बहुधा थंडी सोसल्यावाचून नीट रुजत नाही. म्हणून तिकडचे लोक ते हिवाळ्याच्या तोंडाशी कुंडीत पेरतात आणि कुंडी बर्फात उघडी ठेवतात. नाहीतर ओलसर वाळूत मिसळून तीन-चार आठवडे फ्रीजमध्ये ठेवतात. बी खोल पुरायचे नाही. त्याला उजेड लागतो, म्हणून मातीवर ठेवून नुसते दाबायचे. पहिल्या वर्षी बहुधा पानेच येतात. फुलांसाठी दुसऱ्या वसंताची वाट पाहावी लागते.

इथे उपदेशकाला दृष्टान्त आयताच सापडतो: थंडीवाचून अंकुर नाही, तसे दुःखावाचून पुण्य नाही. मयताच्या घरी, तरुण मुलगा गमावलेल्या आईसमोर, अशी वाक्ये आपण सर्वांनीच ऐकली आहेत. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हा दृष्टान्त खरा आहे काय?

बी झाडावरून गळते तेव्हा त्यातला गर्भ अपुरा, अगदी इवलासा असतो. ते लगेच रुजले, तर कोवळे रोप पहिल्याच हिमात मरेल. थंडी त्या बीला अधिक गुणी करीत नाही. हिवाळा सरत आला, एवढीच वार्ता तिला देते. शिवाय त्याच थंडीत काही बिया कुजून जातात. त्या काय परीक्षेत नापास झाल्या म्हणायच्या? आणि फ्रीजमध्ये बी ठेवणाऱ्याला ते बाहेर काढण्याचा दिवस ठाऊक असतो. दुसऱ्याचा हिवाळा किती आठवड्यांचा, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

गव्हाच्या दाण्याने मातीत पडून मरावे लागते, असे प्रभू येशू म्हणाला खरे (योहान १२:२४). पण ते त्याने आपल्याच मरणाची घटका समोर ठेवून म्हटले. लाजरसच्या कबरीकडे जाताना त्याने मरियेला दुःखाचे फायदे सांगितले नाहीत, तो रडला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली दुःखाच्या अर्थावर प्रेषितीय पत्र लिहिले. त्यातही चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, आणि तो शोमरोनी जखमी माणसाला काही समजावीत बसत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते मित्र होते. मग ते कारणे सांगू लागले आणि देवाच्या रोषाला पात्र झाले.

दुःखातून कधीच काही उगवत नाही, असे आमचे म्हणणे नाही. मात्र उगवले तर ते ज्याचे त्याने सांगावे, शेजाऱ्याने आधीच जाहीर करू नये.

कोलंबाइनची कुंडी पहिल्या वसंतात कोरडीच दिसली, तरी जाणता माळी माती उकरून पाहत नाही. काही बिया पुढच्या वर्षी रुजतात. तो कुंडीवर नाव लिहिलेली पट्टी तशीच राहू देतो आणि झारीने अलगद पाणी शिंपतो.