वकिलाची चूक, कैद्याच्या खाती

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात मृत्युदंड झालेल्या मार्क क्रिस्टेसनची हेबिअस कॉर्पस याचिका फेडरल न्यायालयात 117 दिवस उशिरा दाखल झाली. न्यायालयानेच नेमून दिलेले त्याचे दोन वकील त्याला पहिल्यांदा भेटले, तेच मुदत संपून सहा आठवडे उलटल्यावर. याचिका अर्थातच मुदतबाह्य ठरली. उशीर माफ व्हायचा तर सांगण्यासारखं कारण एकच होतं, वकिलांचा हलगर्जीपणा. आणि ते सांगायचं कोणी, तर त्याच वकिलांनी! आपल्याच हाताने आपली अब्रू काढण्याची अपेक्षा वकिलाकडून करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटलं आणि त्याला दुसरे वकील मिळण्याची वाट मोकळी केली. पण मुदतीचा अडसर काही दूर झाला नाही. 31 जानेवारी 2017 रोजी त्याच्या शिक्षेची अंमलबजावणी झाली.

हेबिअस कॉर्पस म्हटलं की आपल्याला आणीबाणीतला 1976 चा जबलपूर खटला आठवतो, किंवा पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसाला हजर करा म्हणून उच्च न्यायालयात केलेली धावपळ. अमेरिकेत या याचिकेचं आणखी एक काम आहे. राज्याच्या न्यायालयात शिक्षा झाली, अपीलं संपली, तरी कैदी फेडरल न्यायालयात जाऊन म्हणू शकतो की मला झालेली शिक्षाच घटनेला धरून नाही. त्यात पुन्हा पुन्हा येणारी तक्रार म्हणजे, माझ्या वकिलाने माझा बचाव केलाच नाही. गरीब आरोपीला वकील देणं ही सरकारची जबाबदारी, हे 1963 च्या गिडियन खटल्यात ठरलं. तो वकील कामाचा होता की नाही, याची कसोटी 1984 च्या स्ट्रिकलंड खटल्यात आली : वकिलाने कसूर केली हे दाखवा, शिवाय ती केली नसती तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती हेही दाखवा. ही दुसरी अट भल्याभल्यांना घाम फोडते. टेक्सासमध्ये खटला चालू असताना वकील वारंवार डुलक्या घेत होता, तरीही 2000 साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने शिक्षा कायम ठेवली होती. ऐन महत्त्वाच्या क्षणी तो झोपला होता, हे कुठे सिद्ध झालंय, असा सवाल होता. पुढच्या वर्षी पूर्णपीठाने तो निकाल फिरवला, हे नशीबच म्हणायचं.

वकील नालायक होता हे शोधून काढायला दुसरा वकील लागतो. जुन्या कागदपत्रांतून काय राहून गेलं, कुठला साक्षीदार बोलावलाच नाही, हे कोठडीतल्या माणसाला कळणार कसं? हा दुसरा वकीलही तसलाच निघाला तर तिसरा हवा. पण तोवर पहिली याचिका होऊन गेलेली असते. ओक्लाहोमा सिटीतल्या बॉम्बस्फोटानंतर एप्रिल 1996 मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने फेडरल याचिकेला एक वर्षाची मुदत घातली आणि दुसऱ्या याचिकेचं दार जवळपास बंद केलं. आधी मांडलेला मुद्दा पुन्हा मांडता येत नाही. नवा मांडायचा तर अपील न्यायालयाची परवानगी लागते, आणि ती नाकारली गेली तर त्यावर दाद नाही. नवं तथ्य पुढे आणायचं असेल, तर ते पूर्वी पुरेशी खटपट करूनही सापडण्याजोगं नव्हतं हे दाखवावं लागतं. इथेच गोम आहे. वकिलाने खटपट केली नाही, तर ती कैद्याने केली नाही असं धरलं जातं.

वकिलाची चूक अशिलाला बाधते, हा नियम व्यवहारात ठीकच आहे. आपण निवडतो, आपण फी देतो, तेव्हा बरंवाईटही आपलंच. पण ज्याला वकील सरकारने नेमून दिला, त्याला निवड कुठे होती?

निकालाला कुठेतरी शेवट हवा, ही उलट बाजूही पोकळ नाही. वीस-वीस वर्षं नवनव्या याचिका होत राहतात आणि मृताच्या घरच्यांना दर वेळी कोर्टाची पायरी चढावी लागते. व्हर्जिनियातल्या रॉजर कोलमनच्या वकिलांनी अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली. या टप्प्यावर वकील मिळण्याचा हक्कच नाही, म्हणून चूक तुझी, असं 1991 मध्ये न्यायालयाने त्याला ऐकवलं आणि पुढच्या वर्षी त्याला मृत्युदंड दिला गेला. 2006 मधल्या डीएनए चाचणीने तोच गुन्हेगार असल्याचं स्पष्ट केलं. कोलमनचं नाव घेऊन हे सांगायचं टाळणं लबाडी होईल. पण तीन दिवस मोजताना न्यायालयाने त्याचा दोष तोललेला नव्हता. त्याच्या जागी निर्दोष माणूस असता, तरी हिशेब तोच झाला असता.

ॲरिझोनाच्या बॅरी जोन्सच्या बाबतीत तो तसाच झाला. चार वर्षांच्या मुलीच्या खुनासाठी 1995 मध्ये त्याला दोषी ठरवून पुढे मृत्युदंड दिला गेला. मुलगी त्याच्यासोबत होती त्याच दुपारी तिला इजा झाली, यावर सगळा खटला उभा होता. इजा नेमकी कधीची, हे तपासून घ्यायचं त्याच्या वकिलाला सुचलं नाही. पुढच्या टप्प्यावर राज्याने दिलेल्या वकिलाकडे राज्याच्याच नियमांतली किमान पात्रता नव्हती. त्यानेही हा धागा धरला नाही. अखेर फेडरल न्यायालयात सात दिवस साक्षी झाल्या, इजा आधीची असावी असं वैद्यकीय तज्ज्ञांनी सांगितलं आणि 2018 मध्ये शिक्षा रद्द झाली. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निकाल उलटवला. हा पुरावा राज्याच्या न्यायालयात आणला नव्हता, तेव्हा फेडरल न्यायालयाने तो पाहायलाच नको होता, असं न्या. थॉमस यांनी लिहिलं. तक्रार करायची मुभा 2012 च्या मार्टिनेझ निकालाने दिली होती. तिचा पुरावा मात्र बाहेर ठेवून यायचं. न्या. सोटोमायोर यांनी भिन्नमतात या निकालाची विकृत आणि तर्कविसंगत अशी संभावना केली, ती कडक असली तरी अतिशयोक्त नाही.

आपल्याकडचा याचिकेचा रस्ता निराळा असला, तरी गरिबाच्या बचावाचा प्रश्न तोच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये मृत्युदंड दिलेल्या महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीतल्या सहा जणांना त्याच न्यायालयाने 2019 मध्ये निर्दोष सोडलं, आपला जुना निकाल मागे घेऊन. तोवर सोळा वर्षं गेली होती. तेव्हा फुशारकी मारण्यासारखं काही नाही. पण आधीच्या निकालाकडे पुन्हा पाहता आलं, एवढा फरक आहेच.

जोन्स जून 2023 मध्ये सुटला, तो तडजोडीने. मुलीला दवाखान्यात नेलं नाही याबद्दल त्याने दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा गुन्हा कबूल केला, भोगलेली वर्षं शिक्षेत धरली गेली आणि ॲरिझोनाच्या ॲटर्नी जनरलच्या संमतीने स्थानिक न्यायाधीशाने सुटकेचा आदेश दिला. 2022 चा निकाल मात्र कायम आहे, आणि असा समजूतदार ॲटर्नी जनरल ज्यांच्या राज्यात नाही त्यांनाही तो लागू आहे.