ओळखीच्या चेहऱ्याची दया

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी अभिनेते संजय दत्त यांना शस्त्रकायद्याखाली पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. मुले लहान आहेत, माणूस बदलला आहे, असे आपण म्हणालो. मीही म्हणालो, आणि ते खोटे नव्हते. परंतु त्याच खटल्यात सत्तरीच्या एका वृद्धेलाही पाच वर्षांचीच सजा झाली होती. तिच्यासाठीही दयेची मागणी झाली, पण तिचे नाव आपल्यापैकी कितीजणांच्या ओठी आले? लहान मुले तर तुरुंगातल्या कित्येकांना असतात.

झालेल्या अन्यायाचे परिमार्जन आणि समाजाचे रक्षण यांबरोबरच शिक्षेने शक्य तितके अपराध्याचे मन पालटावे, असे ख्रिस्तसभा शिकवते. मग ज्याला पडद्यावर पाहिले, त्याचेच मन पालटेल असे आम्हांला का वाटावे?

निकालानंतर सातच दिवसांनी, पवित्र गुरुवारी, पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या, मुसलमानही होते. त्यांच्यापैकी एकाचेही नाव मला ठाऊक नाही.