कोकरू ओरडत नाही म्हणून

घाटघरला मेंढरं कमीच. नाणेघाटाच्या तोंडावरचा पाऊस मेंढीला सोसत नाही, खुरं कुजतात. म्हणून आमच्याकडं घरोघरी शेळ्या, आणि मेंढरं म्हटलं की जुन्नरच्या उगवतीकडच्या धनगरांची. पण नर खच्ची करायची वेळ आली की करडू काय नि कोकरू काय, चिमटा दोघांना एकच.

हा चिमटा बर्डिझो नावाच्या इटालियन पशुवैद्यानं काढलेला. जाड जबड्याची लोखंडी पकड. कातडी न फोडता ती आतली नस चेचते. रक्त नाही, उघडी जखम नाही, त्यामुळं माशी बसत नाही नि अळ्या पडत नाहीत. आमच्यासारख्या ओल्या मुलखात ही सोय लहान नव्हे. पूर्वी बैल बडवायचे, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना चिमटा म्हणजे दयाच वाटते.

"त्याला काय होत नाय. ओरडलं तरी का?" असं हमखास म्हणतात. करडू ओरडतंही, पण कोकरू बऱ्याचदा गप्प राहतं. चिमटा बसताना ताठ होतं, सोडलं की चार पावलं जातं आणि उभं राहतं. मग बघावं. मागचे पाय फाकलेले, कान पडलेले. मधूनच पाय आपटतं, बसतं, लगेच उठतं. आई शेजारी असून पीत नाही. आता ज्या जातीच्या मागं पिढ्यान् पिढ्या लांडगा नि वाघरू लागलेलं, तिनं दुखणं बोंबलून सांगायचं कसं? कळपात जे लंगडं दिसतं तेच आधी उचललं जातं.

केंब्रिजच्या अभ्यासकांनी 2016 साली मेंढीच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची मोजपट्टी मांडली. डोळे, गाल, कान, नाकपुड्या बघायच्या. आमच्या मेंढक्याला मोजपट्टी लागत नाही. शंभरात एक कोकरू मलूल झालं तर तो लांबून सांगतो. एरवी तोंड बघून पोटातलं ओळखणारा माणूस चिमट्याच्या दिवशीच कसा आंधळा होतो, हे मला कोडं आहे. त्याला दिसत नाही असं नव्हे. दिसलं तर हात चालणार नाही.

कायद्याचं म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात खच्चीकरण, डागणं, वेसण घालणं ठरलेल्या रीतीनं केलं तर गुन्हा नाही. ठीक आहे. कागदानं माणसाला सूट दिली, कोकराला नाही. औषधं आहेत. लिग्नोकेननं तेवढी जागा बधिर होते, पण त्याचा अंमल लवकर उतरतो. पुढच्या ठणक्याला मेलोक्सिकॅम. मात्रा किती ते डॉक्टरनं ठरवायचं, आणि डॉक्टर जुन्नरला.

एकदा हे बोलत होतो तर एक म्हातारी म्हणाली, "आमच्या बाळंतपणात कुणी सुई दिली व्हती रं? आता बोकडाला द्याया निघालाय!" मी हसलो नाही. डोलीतनं न्यायची वेळ आलेल्या गावात हे गाऱ्हाणं खरंच आहे. पण ते सरकारदरबारी मांडायचं गाऱ्हाणं. त्याची वसुली करडाकडनं कशी करायची? तिला मिळालं नाही म्हणून त्याला नको, असं म्हटलं तर शेवटी कुणालाच काही मिळायचं नाही.

औषध देतानाही बाटलीवरचं नाव बघावं लागतं. डायक्लोफेनॅक स्वस्त म्हणून जनावरांना सर्रास टोचलं गेलं. मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं मेली. सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या गिधाडांचीही त्यात वाताहत झाली. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. मेलोक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही. एकाचा ठणका थांबवताना दुसऱ्याचा वंश बुडू शकतो, हे आधी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आणि मुळात खच्ची करायचंच कशासाठी? वर्षभर राखायचा नर असेल तर कारण आहे. माद्यांच्या मागं लागतो, मटणाला वास येतो. पण चार-पाच महिन्यांत बाजार दाखवायचा त्याला चिमटा कशाला? हे मी एका मेंढक्याला विचारलं. त्यानं तंबाखू मळली, थोडा वेळ कळपाकडं बघितलं आणि म्हणाला, "बापबी करायचा."