एकसारख्या खांबांमागची दुकानं

चंदीगडच्या सेक्टर १७ मध्ये सकाळी दहाच्या सुमाराला शटरं वर जायला लागतात. व्हरांडा झाडून होतो, पाणी शिंपडलं जातं, गल्ल्याजवळच्या तसबिरीपुढे उदबत्ती लागते. भवानी व्हायला अजून वेळ असतो, तोवर शेजारी शेजाऱ्याशी बोलतो. विषय बहुतेक वेळा एकच, गिऱ्हाईक गेलं कुठे? कारणंही सगळ्यांना पाठ आहेत. २०१३ साली औद्योगिक वसाहतीत एलांते मॉल उघडला, तिथे गेलं. मोहाली आणि पंचकुल्यात नवे बाजार झाले, तिकडे वळलं. उरलेलं घरबसल्या फोनवरून माल मागवतं.

यातलं एकही कारण खोटं नाही. मॉलमध्ये गाडी लावायला जागा आहे, उन्हाळ्यात गारवा आहे, खाणं आहे, सिनेमा आहे. एका दुकानदाराने कितीही घाम गाळला तरी हे सगळं तो एकटा उभं करू शकत नाही. पण या शहरात आणखी एक गोष्ट उघड दिसते, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते.

ल कॉर्बुझिएच्या आराखड्यावर उभं राहिलेलं हे शहर नियमांनी बांधलेलं आहे. मुख्य बाजारांत इमारतींची उंची ठरलेली, काँक्रीटचे खांब एकाच मापाचे, व्हरांडा सलग. जाहिरातींवर तर १९५४ पासून नियंत्रण आहे, त्यामुळे डोळे दिपवणारा फलक लावून शेजाऱ्यावर मात करण्याची सोय नाही. म्हणजे एका रांगेतल्या दोन दुकानांना रस्ता तोच, ऊनपाऊस तोच, जीएसटी तोच आणि मॉलही तेवढाच लांब. तरीही एका दुकानात उभं राहायला जागा नसते आणि लागून असलेल्या दुकानात मालक माशा मारत बसलेला असतो. हा फरक कुठून आला? बाहेरचं सगळं सारखं असेल, तर उत्तर काउंटरच्या आतच शोधावं लागतं.

आत काय घडतं ते नीट पाहावं. एक बाई सुटाचं कापड घेऊन येते, तिला त्याला साजेसा दुपट्टा हवा असतो. पहिला दुकानदार मोबाइलमधून अर्धी मान वर करतो आणि सांगतो, हा रंग नाही. दुसऱ्याकडेही तो रंग नसतो. तो म्हणतो, ‘बैठो जी’, कापड दारापाशी उजेडात नेतो, त्याची कात्रण मागून घेतो, वहीत फोन नंबर लिहितो आणि दुपट्टा रंगवून आणायला दोन दिवस लागतील असं सांगतो. खरी परीक्षा इथून पुढे असते. तिसऱ्या दिवशी तो स्वतः फोन करतो. रंग जमला नसेल तर तेही फोनवरच सांगतो, बाईला फुकटचा हेलपाटा पडू देत नाही. धंद्यात पत म्हणतात ती अशा फोनांतून जमते. ती बँक देत नाही आणि सरकारी योजनेतूनही मिळत नाही.

२०२४ च्या जूनमध्ये चंदीगड प्रशासनाने नोंदणी करणाऱ्या दुकानांना वर्षभर चोवीस तास उघडं राहायची मुभा दिली. मुभा सगळ्यांनाच मिळाली. आपलं गिऱ्हाईक संध्याकाळी कामावरून सुटल्यावर किती वाजता मोकळं होतं, याचा हिशेब मात्र ज्याचा त्यालाच करायचा आहे.

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव नेहमी घेतलं जातं, बहुतेक वेळा त्यांच्या यशासाठी. मला त्यांचा अडचणीचा काळ अधिक शिकवतो. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान, पुढे लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून सुरुवातीचे नांगर खपायला दोन वर्षं गेली. त्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा घेतली. शेतकऱ्यांना अडाणी ठरवून आणि नगरपालिकेला दोष देऊन थांबायला त्यांना पुरेशी कारणं होती. ते औंध संस्थानात गेले, निवडुंगाने भरलेलं माळरान साफ केलं आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसवली. औंधच्या राजांनी जमीन दिली, पैशाची मदत केली, हे विसरून चालणार नाही. मदत मागायला जाणं आणि मिळालेल्या मदतीचं सोनं करणं, हाही जबाबदारीचाच भाग आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. २०१९ च्या डिसेंबरात सेक्टर १७ मधल्या फेरीवाल्यांना हलवून दुसऱ्या सेक्टरांत नेमून दिलेल्या जागांवर पाठवलं. ज्याचं रोजचं गिऱ्हाईक एका दिवसात तुटलं, त्याला ‘तुझं यश तुझ्याच हातात’ असं ऐकवणं क्रूरपणाचं आहे. आपलं यश आपल्या हातात किती आहे, हा प्रश्न माणसाने स्वतःला विचारायचा असतो. दुसऱ्याच्या पडत्या काळात त्याच्या तोंडावर फेकायचा नसतो.

स्वतःला विचारताना मात्र सूट देऊ नये. औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराची तक्रार असते की मोठ्या कंपन्या पैसे थकवतात. खरंच थकवतात. पण २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाला हक्क दिला आहे. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. हा हक्क वापरायचा तर उद्यम नोंदणी हवी, बिलावर तारीख हवी, माल पोचल्याची सही हवी. हे कागद जपून ठेवणं कंपनीचं काम नाही, आपलं आहे. तोंडी सौद्यावर माल पाठवायचा आणि वर्षाखेरीला नशिबाला बोल लावायचा, यात आपलाच वेळ आणि पैसा बुडतो.

आज दुकान उघडाल किंवा यंत्र सुरू कराल, त्याआधी दहा मिनिटं वही घेऊन बसा. येणं बाकी असलेली बिलं तारखेसह लिहून काढा. शब्द दिला आणि पाळायचा राहिला अशी गिऱ्हाइकं आठवा, त्यांतल्या निदान एकाला फोन करा. मॉलची चर्चा दुपारच्या चहाला करता येईल.