पथ्य मोडल्यानंतरचा दिवस



गेल्या वैशाखात आमच्या वेवजीजवळच्या एका पाड्यावर हळदीचे जेवण होते. आपण धम्म स्वीकारल्यावर हळदीचे विधी सोडले असे म्हणतो. हळदीचे जेवण मात्र कोणी सोडलेले दिसत नाही. त्या पंगतीत मी बसले. भात, डाळ, पुरी आणि जिलेबी. मला मधुमेह आहे. छत्तिसाव्या वर्षी उपाशीपोटीची साखर १३८ निघाली, तेव्हापासून अडीच महिने मी पथ्य नेटाने पाळले होते. भात एकच वाटी, संध्याकाळी नागलीची भाकरी, गोड बंद. डहाणू-घोलवडचा चिकू दाराशी टोपलीने येतो, तोही बंद. त्या रात्री वाढणाऱ्या मावशींनी "एक तरी घे गं बाई" म्हणून एक जिलेबी पानात टाकली, ती मी खाल्ली.

त्या एका जिलेबीने माझे फारसे बिघडले नसते. बिघडले ते तिच्यानंतरच्या विचाराने. मनात आले, आता मोडलेच आहे, तर मोडलेच! मग आणखी चार जिलेब्या झाल्या, भात दोनदा झाला. दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून मी सकाळपासून काहीच खाल्ले नाही आणि गोळी मात्र घेतली. शाळेत प्रार्थनेच्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलांनी धरून बसवले. डॉक्टर नंतर रागावले, की ही गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाते, ते जिलेबीपेक्षा धोक्याचे. त्यानंतर तीन आठवडे मी पथ्याचे नावच काढले नाही.

हा प्रकार माझ्या पोटाचा आहे, तो या पाक्षिकात कशाला, असे कोणी विचारील. मला वाटते हा प्रश्न पोटाचा नाही, शीलाचा आहे. मनुष्याने एखादी गोष्ट न करण्याचा निश्चय केला आणि तो एकदा मोडला, तर त्या निश्चयाचे काय होते? तो संपतो की शिल्लक राहतो? या प्रश्नाचे चुकीचे उत्तर दिल्यामुळे माझे वडील गेले, असे मी मानते.

वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हा मी अगदी लहान होते. आमच्या तलासरी तालुक्यात ताडी आणि मोहाची दारू काही नवी गोष्ट नाही. पलीकडे गुजरातेत दारूबंदी, अलीकडे आमची हद्द. दारू या बाजूला किती सहज मिळते ते सांगायला नको. तरी दीक्षेनंतर सहा वर्षे वडिलांनी थेंबाला स्पर्श केला नाही. मग एका नातलगाच्या लग्नात ते प्याले. एकच रात्र. पुढच्या रविवारी वंदनेला आले, पण आत बसले नाहीत, विहाराच्या पायरीवर बसले. त्रिशरण झाले, पंचशील सुरू झाले आणि पाचव्या शीलाच्या आधी ते उठून निघाले. आईने घरी विचारले तेव्हा म्हणाले, "पिणारा माणूस मी. खोटं कसं म्हणू?" त्यानंतर ते कधीच विहारात आले नाहीत, आणि दारूही सुटली नाही. मी बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना ते वारले. खोटे बोलू नये हे चौथे शील त्यांनी इतके पाळले, की त्यापायी पाचवे कायमचे सोडून दिले. आणि आम्हा कोणालाही, विहारातल्या जाणत्या माणसांनाही, त्यांना परत आत बोलवावे हे सुचले नाही. उलट काही जण हसलेच.

आता मला जो विचार सुचला तो सांगते. एका थेंबाने सगळा मनुष्य बिघडतो, एका घासाने सगळा दिवस बाटतो, हा हिशेब आपण कोठून घेतला? हा विटाळाचा हिशेब आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी आणि आपल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. एवढ्या मोठ्या तळ्यातून चार ओंजळी पाणी घेतले, तर सगळे तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी त्यात ओतून ते 'शुद्ध' केले गेले. आपण या मूर्खपणाला हसतो, आणि हसावेच. पण माझ्या पानात एक जिलेबी पडल्यावर माझा सगळा दिवस, सगळे पथ्य बाटले असे मला वाटले, तेव्हा मी कोणते निराळे केले? आणि दुसऱ्या दिवशीचा तो उपास, तीच तर माझी एकशे आठवी घागर! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या स्पर्शाने बाटवणारे म्हटले गेले, त्यांच्याच घरात बाटण्याचा हा विचार चुलीपाशी बसून आहे.

जुन्या व्रतांची पद्धत हीच होती. सत्यनारायणाच्या कथेत प्रसाद टाकला म्हणून नाव बुडते आणि नवस फेडला नाही म्हणून तुरुंग भोगावा लागतो. व्रत म्हणजे देवाशी केलेला करार. तो मोडला की देव कोपणार, मग प्रायश्चित्त. आपण देव सोडला, पण कोपाची भीती सोडली नाही. कोपणाऱ्याच्या जागी आता आपण स्वतःच बसलो आहोत.

पंचशीलाचे शब्द नीट ऐकले तर तेथे कराराची भाषाच नाही. प्रत्येक शीलात 'सिक्खापद' हा शब्द येतो. सिक्खा म्हणजे शिक्षण, शिकणे. मी शिक्षिका आहे, म्हणून हा शब्द मला फार जवळचा वाटतो. पाढे चुकणाऱ्या मुलाला मी वर्गाबाहेर काढत नाही. ज्या ओळीवर चुकला, तेथून पुन्हा म्हणायला लावते. सतराच्या पाढ्यात चुकला म्हणून त्याचा पाचाचा पाढा कोणी रद्द करीत नाही. आपण प्रत्येक वंदनेला, प्रत्येक मंगलकार्याला पंचशील पुन्हा का घेतो, असे एका नवदीक्षित भगिनीने मला विचारले होते. एकदा घेतले ते पुरे नाही का? त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. आज वाटते, शीलात पुन्हा घेण्याची सोय मुळातच आहे, कारण मनुष्य चुकणार हे तथागतांनी गृहीत धरले होते.

भिक्षुसंघाकडे पाहा. दुपारनंतर भोजन करू नये हा भिक्खूंचा नियम आहे. हे त्यांचे पथ्यच म्हणा ना! हा नियम मोडणे विनयात 'पाचित्तिय' या वर्गात येते. त्याची शिक्षा काय? दुसऱ्या भिक्खूजवळ जाऊन आपले चुकले हे सांगायचे. तो विचारतो की तुला तुझी चूक दिसते का; हा म्हणतो, दिसते; तो म्हणतो, पुढे सांभाळ. एवढेच. संघातून कायमचे जावे लागते ते फक्त चार अपराधांसाठी, ज्यांना पाराजिक म्हणतात, आणि अवेळी खाणे त्यांत नाही. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी सगळे नियम म्हटले जातात आणि त्याआधी ज्याचे जे चुकले असेल ते तो सांगून मोकळा होतो. ही व्यवस्था घरदार सोडलेल्या लोकांसाठी होती. आपण तर संसारी माणसे!

येथे एक रास्त शंका येते, आणि ती माझ्या यजमानांनीच काढली. ते म्हणाले, "मग रोज मोडा आणि रोज घ्या, बरे झाले!" शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शील इतके स्वस्त असेल तर ते कोण पाळील? मी पुष्कळ विचार केला. ज्याला 'रोज मोडू, रोज घेऊ' असे म्हणायचे आहे, त्याला चूक दिसलेलीच नसते. सामञ्ञफल सुत्तात राजा अजातशत्रू बापाला मारल्याची कबुली भगवंतांसमोर देतो. भगवंत त्याला तू निर्दोष आहेस असे म्हणत नाहीत. चूक ती चूक म्हणून पाहणे, ती रीतसर मान्य करणे आणि पुढे संयम ठेवणे, यात माणसाची वाढ आहे, अशा अर्थाचे ते बोलतात. यातले एकही सोपे नाही. अडीच महिने भात कमी खाल्ला तो मला सोपा गेला; 'काल मी पाच जिलेब्या खाल्ल्या' हे डॉक्टरांना सांगणे जड गेले. मी तीन आठवडे तपासणीला गेलेच नाही ते त्यामुळेच. स्वतःला शिव्या देणे त्यामानाने फार सोपे. त्यात कोणाला तोंड दाखवावे लागत नाही आणि दुसऱ्या दिवशी वेगळे काही करावेही लागत नाही.

आजच्या मानसशास्त्रातही हे तपासून पाहिलेले आहे. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही लोकांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवे तेवढे खाऊ दिले. साधे खाणारे लोक मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खात. पण जे खाण्यावर बंधन घालून वागत होते, ते मिल्कशेकनंतर उलट जास्त खात. बांध फुटलाच आहे, मग वाहू दे, असा तो प्रकार. २००७ साली अॅडम्स आणि लिअरी यांनी पथ्य करणाऱ्या तरुणींना गोड डोनट खाऊ घातल्यावर काहींना सांगितले, की हे सगळेच खातात, स्वतःला फार बोल लावू नका. ज्यांना असे सांगितले त्यांनी पुढे कमी खाल्ले. मैत्री आणि करुणा स्वतःवरही करायची असते हे आपण मेत्तभावनेत म्हणतो, ते असे कामाला येते.

दारू आणि जिलेबी यांना मी एका पारड्यात टाकत नाही. दारूचे व्यसन हा आजारही आहे. माझ्या वडिलांना विहाराइतकीच दवाखान्याची गरज होती. दुसरे असे की दारू पूर्ण सोडता येते, जेवण सोडता येत नाही. शत्रू रोज तीनदा ताटात येतो आणि त्याच्याशी मापाने वागावे लागते. याला भगवंतांनी 'भोजने मत्तञ्ञुता' म्हटले आहे. भोजनात मात्रा जाणणे. सिद्धार्थाने देह झिजवणारे तप सोडून अन्न घेतले, तेव्हा त्याचे पाच सोबती हा भ्रष्ट झाला म्हणून निघून गेले. मग पंगतीत मी खाल्ले तेही तसेच का म्हणू नये? नाही म्हणता येत. त्याने आधी विचार केला, या मार्गाने काही साधत नाही हे पाहिले आणि नंतर अन्न घेतले. मी आधी जिलेबी खाल्ली आणि विचार नंतर जुळवला.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. १९४८ नंतर डॉ. सविता आंबेडकर यांनी त्यांची औषधे आणि पथ्यपाणी सांभाळले. एवढ्या मोठ्या माणसालाही पथ्य सांभाळायला दुसऱ्या माणसाची गरज लागली, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. आपण मात्र हे काम एकटीने, लपून, निग्रहाच्या जोरावर करू पाहतो. विशेषतः आम्ही बायका. मुलांच्या ताटातला उरलेला भात टाकवत नाही म्हणून उभ्याउभ्या आम्हीच खातो. हे खाणे मोजलेच जात नाही. महाडला १९२७ साली आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस आणि दुसऱ्याचे उष्टे सोडायला सांगितले होते. ते उष्टे दारोदारचे होते आणि हे स्वतःच्या लेकरांचे आहे, हे मला कळते. तरी हातात ताट घेतल्यावर ती गोष्ट आठवते.

कोसलचा राजा प्रसेनजित याची गोष्ट संयुत्त निकायात आहे. तो द्रोणभर भाताचे जेवण जेवायचा. एकदा असाच जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंत रागावले नाहीत. मात्रा जाणून जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात, तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवताना आपल्याला म्हणून दाखवायला सांगितली. त्याबद्दल रोजचे शंभर कार्षापण त्याला ठरवून दिले. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला. 'हळूहळू' हे त्या सुत्तातच आहे. म्हणजे राजाने एका दिवसात काही सोडले नाही, आणि मधल्या काळात त्या तरुणाला पुष्कळदा ती गाथा वाया गेलेली पाहावी लागली असणार.

तीन आठवड्यांनी मी डॉक्टरांकडे गेले, जे झाले ते सांगितले. त्यांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करायला लावली आणि समजावले, की एका रात्रीच्या जेवणाने ही सरासरी फारशी हलत नाही, पण त्यानंतर सोडून दिलेले तीन आठवडे तिच्यात नक्की उतरतात. त्या दिवशी घरी आल्यावर मी मुलीला बोलावले. ती चौथीत आहे. मी दुसऱ्यांदा भाताला हात लावला की तिने "आई, वाटी झाली" एवढेच म्हणायचे, आणि त्याबद्दल तिला रोज एक रुपया, असे ठरले. राजाइतके आपल्याला परवडत नाही. ताटे गोळा करून उरलेला भात एका डब्यात काढून ठेवायचे कामही तिच्याकडे दिले. गेल्या महिन्यात चार दिवस तिने म्हटले आणि मी ऐकले नाही. त्या चार दिवसांचे चार रुपयेही तिने महिनाअखेर मागून घेतले. म्हणाली, "मी तर म्हटलं होतं ना!" मी दिले.